आकाशांतील राखण

मराठवाड्यांत रब्बीची ज्वारी हुरड्यास आली म्हणजे शेतांत माळा उभा राहतो आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. पाखरांचे थवे एकाच दिशेनें येत नाहींत. एक थवा उडवून लावावा तों दुसरा पाठीमागून कणसांवर उतरतो; आणि गोफणींतून एक गुंडा सुटल्यावर दुसरा भरेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्या क्षणांत पाखरें आपला कार्यभाग साधून घेतात. म्हणून जाणता राखणदार उगाच गुंडे फेकीत नाहीं. थवा कोठें वळणार हें तो आधीं हेरतो आणि मगच गोफण फिरवितो.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचा आकाशयुद्धाचा जो जुना खेळ, त्याचें मूळ स्वरूप याहून फारसें निराळें नाहीं. पडद्याच्या तळाशीं एक लहानसें जहाज असतें; तें डावीकडे-उजवीकडे सरकतें आणि वर गोळ्या सोडतें. वरून रांगारांगांनीं शत्रु खालीं उतरत असतात. त्यांची गोळी जहाजास लागली कीं एक जीव गेला. असे बहुधा तीन जीव मिळतात. तिन्ही गेले कीं खेळ संपला. इतका साधा खेळ लोकांस वर्षानुवर्षें गुंतवून कां ठेवतो, त्यांतला चांगला कोणता व सामान्य कोणता, आणि सामान्य खेळापासून मुलाचें कांहीं भलें होतें किंवा नाहीं, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल आहे, त्या घरास ते क्षुल्लक नाहींत.

ज्या औरंगाबाद शहरास २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर हें नांव मिळालें, त्या शहरांतील शहागंज हा जुना व गजबजलेला बाजारभाग आहे. निजामी अमदानींतील घड्याळाचा मनोरा, जवळची अठराव्या शतकांतील मशीद, चमन, आणि त्यांच्या भोंवतीं कपड्यांपासून भाजीपाल्यापर्यंत सर्व कांहीं विकणाऱ्या हातगाड्या, असा तो परिसर. तेथील एखाद्या गल्लींतल्या घराची उदाहरणादाखल कल्पना करावी. दिवाळीची साफसफाई चालूं आहे. पोटमाळ्यावरून एक खोकें खालीं येतें. त्यांत दूरचित्रवाणीस जोडावयाचें खेळाचें जुनें यंत्र, दोन रिमोट, आणि '९९९९ इन १' असा आकडा छापलेली एक कॅसेट आहे. तें घरधन्याचें, त्याच्या अकराव्या वर्षींचें, म्हणजे १९९५ च्या सुमाराचें. गृहिणीचा पहिला विचार तें भंगारवाल्यास देऊन टाकण्याचा. आणि त्यास कारणही सबळ आहे. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा गेलें वर्षभर मोबाइलवरील खेळांत इतका गुरफटला आहे कीं जेवणाचें ताट त्याच्यासमोर निवून जातें. "एक खेळ सुटत नाहीं, तोंवर दुसरा कशाला घरांत आणतां?" हें तिचें म्हणणें. "हा तसला खेळ नव्हे," हें घरधन्याचें म्हणणें. या वादाचा निकाल कसा लावावा?

यंत्र सुदैवानें चालूं लागतें. मुलगा खेळावयास बसतो आणि पंधरा मिनिटांत रिमोट खालीं ठेवतो. "पप्पा, हें तर तेंच तेंच आहे. नुसता रंग बदलतो." बापाचा चेहरा उतरतो. त्याच्या आठवणींत हा खेळ अद्भुत होता. परंतु आतां शेजारीं बसून पाहतांना मुलाचें म्हणणें त्यास नाकारतां येत नाहीं. खेळ सामान्य आहे. कॅसेटवरील आकडाही फसवा आहे. यादी संपतां संपत नाहीं, पण तींत खरोखर निराळे खेळ मोजकेच. बाकीचे तेच खेळ निराळ्या नांवांनीं, किंवा मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. इतक्यांत खुर्चींत बसून हें सारें पाहणारे आजोबा नातवास विचारतात, "तेंच तेंच आहे ना? मग तिसऱ्या टप्प्यांत तूं तीनदां मेलास कसा रे?" मुलाजवळ उत्तर नाहीं. तें उत्तर हवें असेल तर खेळाच्या अंतरंगांत शिरावें लागतें.

या जातीच्या खेळाचा उगम बाजारांत नव्हे, विद्यापीठांत झाला. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनीं पीडीपी-१ नांवाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. मध्यभागीं एक तारा, त्याच्या गुरुत्वाकर्षणांत सांपडलेलीं दोन जहाजें, आणि समोरासमोर दोन खेळाडू, असा तो सामना होता. असला संगणक त्या काळीं मोठ्या संस्थांसच परवडे, म्हणून तो खेळ सामान्य जनांपर्यंत पोंचला नाहीं. १९७१ सालीं नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं 'कॉम्प्युटर स्पेस' हें नाणें टाकून खेळावयाचें यंत्र बाजारांत आणलें. तथापि या प्रकारास आजचें रूप आलें तें १९७८ सालीं जपानांतील तैतो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळानें. तोमोहिरो निशिकादो यांनीं तो रचला. इतकेंच नव्हे, तर तो चालविण्यास लागणाऱ्या यंत्राची जुळणीही त्यांनींच केली. मारावयाचे शत्रु माणसें असूं नयेत असें ठरल्यावर त्यांनीं एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरींतील मंगळवासीयांवरून सूचना घेतली, आणि अष्टपाद, खेंकडा व माकूळ यांच्या आकृतींचे शत्रु पडद्यावर उतरविले. पांच रांगा, प्रत्येक रांगेंत अकरा, मिळून पंचावन्न. खेळाडूच्या डोक्यावर चार आडोसे. पडदा काळापांढराच होता. रंगाचा भास व्हावा म्हणून कांचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावीत.

या खेळांतील एक गोष्ट प्रत्येक खेळाडूच्या लक्षांत येते: शत्रु जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवूं लागतात. जणूं साथी पडल्यामुळें ते चवताळले आहेत. वस्तुतः यांत चवताळण्यासारखें कांहीं नाहीं. पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळां नव्यानें उमटविलें जाई, आणि प्रत्येक खेपेस संगणक एकाच शत्रूस जागचा हलवी. पंचावन्न शत्रु असतांना सगळी फौज एक पाऊल सरकावयास पंचावन्न खेपा, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागे. निम्मे मेले कीं पाऊल अर्ध्या सेकंदांत पडे. शेवटचा एकटा उरला कीं त्याचें पाऊल दर खेपेस, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागांत पडे. गर्दी असतांना गजगतीनें चालणारी पंगत शेवटचा एक पाहुणा उरला कीं झपाट्यानें आटोपते, तसाच हा प्रकार. यंत्राची ही मर्यादा दिसून आल्यावर निशिकादो यांनीं ती लपविली नाहीं. उलट खेळाची रंगत तिच्यामुळेंच वाढते हें ओळखून ती तशीच ठेवली. पार्श्वभूमीस चार स्वरांचा जो संथ ठेका वाजत असतो, तोही त्याबरोबर जलद होतो आणि खेळणाराच्या छातींतील धडधड वाढवितो.

दुसरी मर्यादा गोळीची. या खेळांत खेळाडूची एकच गोळी एका वेळीं पडद्यावर राहूं शकते. ती शत्रूस लागेपर्यंत किंवा वरच्या कडेस पोंचून नाहींशी होईपर्यंत दुसरी सुटत नाहीं. नेम लागला तर गोळी मध्येंच संपते आणि दुसरी ताबडतोब हातीं येते. नेम चुकला तर ती सारा पडदा ओलांडीपर्यंत हात बांधलेले. म्हणजे चुकीचा दंड गुणांत नव्हे, वेळांत भरावा लागतो. गोफणीच्या राखणदाराचें शहाणपण तें हेंच. जो मुलगा कळ सारखी दाबीत राहतो, त्यास वाटतें कीं आपण पुष्कळ गोळ्या सोडीत आहों; खरें पाहतां नेम धरून थांबणारा मुलगाच त्याच्याहून अधिक गोळ्या सोडतो.

तिसरी गोष्ट याहून मौजेची आहे. पडद्याच्या वरच्या कडेनें मधून मधून एक तबकडी जाते. ती पाडली असतां कधीं पन्नास, कधीं शंभर, तर कधीं तीनशें गुण मिळतात. ही केवळ नशिबाची गोष्ट असें प्रथम सर्वांस वाटलें. परंतु कांहीं चिकित्सक खेळाडूंनीं आपल्या गोळ्या मोजण्यास आरंभ केला, आणि त्यांस आढळलें कीं टप्पा सुरू झाल्यापासून तेविसाव्या गोळीनें तबकडी पाडली, व त्यानंतर दर पंधराव्या गोळीनें पाडली, तर तीनशें गुण हमखास मिळतात. म्हणजे जें दैव वाटत होतें, तें गणित निघालें. निरीक्षण करावें, नोंद ठेवावी, अनुमान बांधावें आणि तें पडताळून पाहावें, या शास्त्रीय रीतीचा याहून सुलभ धडा मुलांस शोधूनही मिळणार नाहीं.

पुढील वर्षीं, १९७९ सालीं, नामको या जपानी कंपनीचा 'गॅलक्सियन' आला. तो रंगीत होता, आणि त्यांतील शत्रु रांग मोडून खेळाडूवर झडप घालीत. १९८१ सालीं त्याच कंपनीच्या 'गॅलगा'नें एक नवी जोखीम आणली. शत्रूंचा नायक खालीं येऊन एक किरणझोत सोडतो आणि त्यांत सांपडलेलें जहाज पकडून नेतो. एक जीव गेला. परंतु पुढें त्या नायकास नेमकें टिपलें तर पकडलेलें जहाज परत मिळतें, दोन जहाजें जोडीनें लढूं लागतात आणि मारा दुप्पट होतो. मात्र नेम चुकून आपलेंच जहाज मारलें तर तें कायमचें गेलें. आणि जोडी झाल्यावर शत्रूच्या गोळीस लागावयास अंगही दुप्पट रुंद झालेलें असतें. पेरणीस घरचेंच धान्य काढावें लागतें, तसा हा व्यवहार आहे. पेरावें कीं सांठवावें, हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें.

हे खेळ घरांत आले ते मुख्यतः निंतेंदो या जपानी कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या यंत्रामुळें. तें १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत विक्रीस आलें. त्याच्या नकला पुढें अनेक देशांत निघाल्या, आणि १९९० नंतरच्या दशकांत भारतीय बाजारांतही त्या सर्रास मिळूं लागल्या. पोटमाळ्यावरून उतरलेलें यंत्र हें त्यांपैकींच एक. मूळ यंत्राचें चित्र २५६ उभ्या व २४० आडव्या ठिपक्यांच्या ओळींचें, आणि त्याची कामचलाऊ स्मृति अवघी दोन किलोबाइटांची. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा तर सगळा कार्यक्रम आठ किलोबाइटांत बसविलेला होता. आजच्या संगणकांत देवनागरीचें एकेक चिन्ह सामान्यतः तीन बाइट जागा घेतें. त्या हिशेबानें मराठीचे सुमारें चारशें शब्द जेवढी जागा व्यापतात, तेवढ्या जागेंत तो खेळ, त्याचे नियम, त्याचीं चित्रें हीं सारीं मावत होतीं. तुटपुंज्या सामग्रींत संसार नेटका करणाऱ्या गृहिणीस या कौशल्याची पारख अधिक व्हावी.

या घरगुती यंत्राची आणखी एक मर्यादा मुलाच्या मरणाशीं निगडित आहे. हालत्या आकृति, म्हणजे जहाजें, शत्रु आणि गोळ्या, तें यंत्र एका वेळीं चौसष्टच दाखवूं शकतें. आणि त्यांतही एका आडव्या ओळींत आठांहून अधिक दाखवूं शकत नाहीं. नववी आकृति त्या ओळींत आली कीं ती दिसतच नाहीं. एकच आकृति कायमची अदृश्य राहूं नये म्हणून कार्यक्रम रचणारे आळीपाळीनें एकेकीस वगळीत. त्यामुळें गर्दी झाली कीं सगळ्याच लुकलुकूं लागतात. डोळ्यांस हा दोष वाटतो. परंतु ती एक प्रकारची न्याय्य वांटणी आहे. गोळी क्षणभर दिसली नाहीं तरी तिचा हिशेब संगणकाच्या स्मृतींत चालूंच असतो, आणि ती लागावयाची तेव्हां लागतेच.

आतां आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. मुलगा तीनदां मेला, त्याचीं कारणें तीन. पहिल्यांदां तो कळ सारखी दाबीत होता. त्या खेळांत एका वेळीं दोनच गोळ्या सुटतात. दोन्ही वाया गेलेल्या असतांना शत्रु समोर आला आणि हातीं कांहीं उरलें नाहीं. दुसऱ्यांदां त्याची दृष्टि आपल्याच जहाजावर खिळली होती. नवशिक्या सायकलस्वार जसा पुढच्या चाकाकडे पाहतो आणि खड्ड्यांत जातो, तसें झालें. दृष्टि पडद्याच्या मध्यावर असावी, आणि आपलें जहाज नजरेच्या कडेनें सांभाळावें, ही या खेळांतील मुख्य साधना आहे. तिसऱ्यांदां त्यास गोळ्यांची लुकलुक दिसली. तो भ्याला आणि डाव्या कोपऱ्यांत जाऊन बसला. कोपरा सुरक्षित वाटतो, कारण एका बाजूनें शत्रु येत नाहीं. पण त्या बाजूस पळतांही येत नाहीं. अनुभवी खेळाडू शत्रूंच्या रांगेखालून हळूहळू एकाच दिशेनें सरकत राहतो, म्हणजे त्याच्यावर रोखलेल्या गोळ्या मागें पडत जातात. आणि कडा येण्यापूर्वीं तो एकदम उलटा फिरतो.

हें सर्व खरें असलें तरी त्या खेळास सामान्य म्हणावें लागतें. आणि तें कां, हेंही सांगणें अवश्य आहे. चांगल्या खेळांत प्रत्येक शत्रु आपल्या चालीवरून ओळखूं येतो: एक सरळ येतो, दुसरा वळसा घेतो, तिसरा थबकून मारा करतो. सामान्य खेळांत चाल एकच आणि रंग मात्र निराळे. चांगला खेळ कठीण होत जातो तो नवीं कोडीं घालून. सामान्य खेळ कठीण होतो तो निव्वळ वेग वाढवून. चांगला खेळ 'गॅलगा'प्रमाणें खेळाडूपुढें निवड ठेवतो. सामान्य खेळांत निवड नसते, हातांची चपळाई तेवढी असते. शहागंजच्या त्या घरांतील खेळ या तिन्ही कसोट्यांस उणा पडतो. मुलानें पंधरा मिनिटांत जें मत दिलें तें बरोबर होतें. उणीव होती ती कारणें सांगण्याची. आवडलें नाहीं इतकेंच म्हणणारा आणि कां आवडलें नाहीं हें सांगूं शकणारा, यांत जें अंतर आहे तें शिक्षणाचें आहे. आणि नवल असें कीं तें अंतर उत्तम कृतीपेक्षां सामान्य कृतीच्या परीक्षणानें लवकर कापतां येतें. उत्तम कृति मोहून टाकते. सामान्य कृतीचे सांधे उघडे असतात.

शास्त्र शिकणाऱ्या मुलास या खेळांतील चुकाही दाखवून द्याव्या. अवकाशांत हवा नाहीं, म्हणून स्फोटाचा आवाज ऐकूं यावयाचा नाहीं. येथें तर प्रत्येक शत्रु कर्णकटु आवाज करून मरतो. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणें गतिमान जहाज बाह्य प्रेरणेवांचून थांबणार नाहीं. येथें कळ सोडतांच जहाज रस्त्यावरील रिक्षासारखें जागच्या जागीं उभें राहतें. याच जातीच्या कांहीं खेळांनीं हा नियम बराचसा पाळला होता. १९६२ च्या 'स्पेसवॉर'मध्यें, आणि १९७९ सालच्या अटारी कंपनीच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्यें, जोर देणें थांबविलें तरी जहाज वाहतच जाई, आणि तें आवरण्यासाठीं तोंड उलट फिरवून जोर द्यावा लागे. दहा वर्षांच्या मुलास जडत्व समजावून देण्यास फळ्यावरील व्याख्येपेक्षां हे दोन खेळ शेजारीं शेजारीं ठेवून दाखविणें अधिक उपयोगी पडेल.

राहिला आईचा आक्षेप. तो मूळचाच महत्त्वाचा आहे. त्यास 'खेळच तो' असें म्हणून बाजूस सारूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या रोगवर्गीकरणास २०१९ सालीं मान्यता मिळाली व जें २०२२ पासून लागू झालें, त्यांत खेळांच्या विकृत आसक्तीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तिचीं लक्षणें तीन सांगितलीं आहेत: खेळण्यावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून खेळास अधिक महत्त्व मिळणें, आणि अपाय दिसत असूनही खेळ चालूं राहणें. हें सामान्यतः वर्षभर टिकलें आणि त्यानें अभ्यास, घर व समाज यांतील वागणें बिघडलें, तरच तें विकृति समजावें, अशीही तेथें मर्यादा घातली आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस आळा घालण्यासाठीं केंद्र सरकारनें २०२५ सालीं कायदा केला. परंतु जेथें पैसा लागत नाहीं, नुसता वेळ लागतो, तेथें आईबापांनाच कायदा करावा लागतो.

आणि येथेंच जुन्या व नव्या खेळांतील भेद पाहण्यासारखा आहे. जुना खेळही निःस्वार्थी नव्हता. नाण्याच्या यंत्रावर खेळाडू लवकर मरावा आणि त्यानें दुसरें नाणें टाकावें, हाच धंदा होता. परंतु त्या हेतूमुळें का होईना, खेळास शेवट असे. तीन जीव गेले कीं पडदा स्पष्ट सांगे कीं संपलें. त्या कॅसेटींत गुण जपून ठेवण्याचीही सोय नाहीं. वीज गेली कीं पराक्रम पुसला, आणि ज्यास तो हवा असेल त्यानें वहींत लिहून ठेवावा. मोबाइलवरील अनेक खेळांची रचना याच्या उलट आहे. तेथें शेवट येऊंच नये अशी योजना असते. गेलेला जीव घटकाभरानें आपोआप परत येतो, रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस मिळतें, आणि एक दिवस चुकला तर आजवरची ओळ तुटते. मूल उठत नाहीं, त्यांत सगळाच दोष मुलाचा नसतो. उठण्याची वेळ दाखविणारें दारच त्या घरास ठेवलेलें नसतें.

म्हणून आई आणि बाप या दोघांचेंही म्हणणें खरें आहे, असें त्या घरांत अखेर ठरतें. यंत्र भंगारांत जात नाहीं. पण तें आईच्या अटीवर राहतें. दिवसांतून एक डाव, तीन जीव, आणि मग रिमोट खोक्यांत. आजोबा त्यास एक कलम जोडतात: प्रत्येक जीव कशानें गेला तें वहींत एकेका ओळींत लिहावयाचें. 'नशीब' हा शब्द लिहावयाचा नाहीं. मुलगा पहिल्या दिवशीं कुरकुरतो, दुसऱ्या दिवशीं 'गोळी लागली' एवढेंच लिहितो. आजोबा वही परत देतात, "गोळी लागली हें दिसलेंच. तूं तेथें कां होतास, तें लिही."

मोबाइलचा प्रश्न एवढ्यानें सुटतो असें समजूं नये. तो तसाच उभा राहतो, आणि त्यासाठीं आईबापांस रोज नकार द्यावा लागतो. मूल चिडतें, रुसतें, पुन्हां मागतें. परंतु एक गोष्ट घडते. डाव संपल्यावर उठावयाचें असतें, ही गोष्ट मुलाच्या अंगवळणीं पडूं लागते, आणि तें उठणें कोणाच्या ओरडण्यानें झालेलें नसतें. आठवड्याअखेरीस आई टेबल आवरतांना ती वही सहज उघडते. शेवटच्या पानावर वेड्यावांकड्या अक्षरांत तीन ओळी असतात. पहिला जीव: घाई केली. दुसरा जीव: वर पाहिलें नाहीं. तिसरा जीव: कोपरा बरा वाटला म्हणून तेथेंच थांबलों. ती वही मिटते, आणि स्वयंपाकघरांतून जेवावयास हांक मारते. त्या संध्याकाळीं मुलगा पहिल्या हांकेस येतो कीं तिसऱ्या, हें पाहावयास ती उंबऱ्याशींच उभी राहते.